पाचोळ्यातले ऊन

रोहिणी नक्षत्र लागते मेच्या अखेरीस, आणि त्या दिवसांत रोहिणखेडवर जसे ऊन उतरते तसे वर्षात दुसऱ्या कुठल्या महिन्यात उतरत नाही. बुलढाण्याची माणसे आपल्या मुलखाचे दोनच भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. मोताळा तालुक्यातले हे गाव घाटाखालचे. मागे अजिंठ्याची रांग, पुढे पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरत गेलेली काळी रानं. मेमध्ये रानं वखरून मोकळी पडलेली असतात आणि डोंगर उघडाबोडका. सागाला पान नाही, सालईला नाही, धावड्याला नाही. आभाळ दोन्ही हातांनी देत असते आणि घ्यायला कुणी नसते. ऊन दगडावर पडते, दगड तापतो, आणि रात्री ती धग आल्या वाटेने आभाळात निघून जाते. ऊन या मुलखात कधी कमी पडलेले नाही. कमी पडते पान, आणि पान अडते पाण्यापाशी.

म्हणून मृगाची वाट पाहणारा शेतकरी खरे तर उन्हाचीच वाट पाहत असतो, असे मला वाटते. पाऊस पडल्यावाचून ऊन उपयोगाला येत नाही. पडला की आठ दिवसांत डोंगराचा रंग पालटतो आणि लाखो पाने उन्हाखाली ओंजळ धरून उभी राहतात. त्या ओंजळीत तरी किती येते? अंगावर पडलेल्या उन्हातला शंभरावा भागही वनस्पतीच्या देहात क्वचितच मुरतो. बाकीचे परत उडते, नुसते तापवते, पानातल्या पाण्याची वाफ करते. पण त्या एका भागावर रोहिणखेडची चूल, गोठा, पाखरे आणि घाटातला बिबट्या हे सारे जगते. ज्वारी आणि मका, तसेच डोंगरावरची पवन्या, कुसळी ही गवते कडक उन्हात कपाशीपेक्षा सरस काम करतात, कारण हवेतला कार्बन पकडण्याची त्यांची रीतच वेगळी, उष्ण मुलखाला मानवणारी आहे. ज्वारीचा पेरा उतरणीला लागल्याची हळहळ मला नेहमी वाटते, तिचे हेही एक कारण आहे.

आणि झाड लगेच सगळे खर्च करत नाही. मार्चमध्ये पानांवाचून पेटलेला पळस पाहा. त्या घडीला त्याच्यापाशी ऊन पकडायला जवळजवळ काही नाही. तो खर्च करतो आहे ते मागल्या श्रावण-भाद्रपदातले, खोडामुळांत साठवून ठेवलेले ऊन. मोहाचेही तसेच. पहाटे टपटपणारे ते रसरशीत फूल म्हणजे गेल्या पावसाळ्याची शिल्लक. ती अस्वल खाते, रोही खातो, माणूस वेचून नेतो.

पण जंगलातली सगळ्यात मोठी शिल्लक फुलात नसते, पाचोळ्यात असते. आपण समजतो की हरणे-रोही पाला खातात आणि त्यांच्यावर वाघ-बिबटे जगतात, एवढेच जंगल. प्रत्यक्षात झाडावरचे फार थोडे हिरवे पान जिवंतपणी कुणाच्या तोंडी लागते. बहुतेक पाने आपले आयुष्य पुरे करून गळतात. त्यांतले ऊन तसेच बंद असते आणि ते सोडवायला बसलेली मंडळी आपल्या नजरेच्या खाली असतात: बुरशी, जिवाणू, गांडूळ आणि वाळवी.

वाळवीचा दिवस पाहायचा तर मृगाच्या पहिल्या दमदार पावसानंतर वारुळापाशी उभे राहावे. संध्याकाळी वारुळाच्या अंगाला बारीक फटी पडतात. आधी कामकरी वाळव्या आणि मोठ्या डोक्याचे शिपाई येऊन फटीच्या कडा धरतात. मग त्यांच्यामधून पंखवाल्यांची रीघ लागते. पंख देहाहून कितीतरी लांब, भिजलेल्या पतंगाच्या कागदासारखे लुळे. उडणे कसेबसे. कोतवाल त्यांना हवेतच टिपतो, साळुंक्या आणि बगळे जमिनीवर वेचतात, बेडूक एका जागी बसून गिळत राहतो, पाल, सरडा, मुंगूस, सगळ्यांची दिवाळी. त्या इवल्या देहात चरबी ठासलेली असते, नव्या वारुळाची शिदोरी म्हणून. हजारोंतून एखादी जोडी पंख गाळून मातीत शिरते आणि घर मांडते. बाकीच्या सगळ्या त्या एका संध्याकाळी दुसऱ्यांच्या पोटात जातात. दिव्याखाली सकाळी उरतो तो पंखांचा केर.

ही चरबी आली कुठून? मागल्या वर्षीच्या सागाच्या पानातून, पडलेल्या फांदीतून. आपल्याकडची वारुळे बांधणारी वाळवी वाळका पालापाचोळा आत नेते, पण तो नुसता पचवणे तिच्या आवाक्याबाहेरचे. मग ती वारुळाच्या पोटात त्याची पोळी रचते आणि तिच्यावर बुरशीची शेती करते. बुरशी काष्ठ फोडते, वाळवी ती खाते. पावसाळ्यात त्याच शेतीची छत्रीसारखी फुले वारुळावर वर येतात. विदर्भात त्यांना टेकोडे म्हणतात आणि त्यांच्या भाजीसाठी माणसे पावसात रानोमाळ हिंडतात.

इथून जवळच, बुलढाणा आणि खामगावच्या दरम्यान, ज्ञानगंगा अभयारण्य आहे, आणि ते अस्वलांसाठी ओळखले जाते. शंभर किलोच्या वर भरणारे जनावर वाळवीवर कसे पोसते? देवाने त्याची तशी तयारी केली आहे. वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात नाहीत, ओठ लांब आणि लवचीक, नाकपुड्या मिटता येणाऱ्या. नखांनी वारूळ फोडायचे, फुंकर मारून माती उडवायची आणि तोंडाची नळी करून वाळवी ओढून घ्यायची. पण खरी किमया दातांत नाही. पान, वाळवी, अस्वल: पायऱ्या मोजक्याच, आणि वाळवीचे रक्त थंड, म्हणजे अंग उबदार ठेवण्याचा खर्च नाही. प्रत्येक पायरीला उन्हाची जी गळती होते, ती इथे कमी झाली.

गळतीचा हिशोब पहिल्यांदा नीट मांडला तो अमेरिकेतल्या रेमंड लिंडमन या तरुणाने. मिनेसोटातल्या सीडर बॉग लेक नावाच्या एका लहानशा तळ्यावर तो वर्षानुवर्षे बसला. त्याच्या मापात तळ्यातल्या वनस्पतींनी सूर्याच्या ऊर्जेचा हजारावा भाग पकडला होता, वनस्पती खाणाऱ्यांकडे त्यातले १३.३ टक्के पोचले आणि त्यांना खाणाऱ्यांकडे २२.३ टक्के. पाठ्यपुस्तकांनी पुढे सोयीसाठी ‘दहा टक्के’ करून टाकले. त्याचा निबंध १९४२ साली प्रसिद्ध झाला, पण तो पाहायला लिंडमन उरला नव्हता. वयाची २७ वर्षेही पुरी झाली नव्हती.

ही गळती कळायला तळ्यावर जायला नको. पौषातल्या पहाटे गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर हात ठेवा. जी ऊब लागते ती कडब्यातून आणि सरकीच्या ढेपेतून सुटलेले ऊन आहे. बैलाने पचवलेल्या वैरणीतला शंभरातला दोन-तीन भाग जेमतेम त्याच्या मांसात मुरतो. बाकी सारे चालण्यात, ओढण्यात आणि ते अंग उबदार ठेवण्यात जाते. शेण शेतात परत जाते, त्यातून पुन्हा ज्वारी उगवते. ऊब मात्र परत येत नाही. माती फिरत राहते, ऊन एकदाच येते. पोळ्याला बैलापुढे हात जोडताना आपण त्या एकवार आलेल्या पाहुण्याला हात जोडतो.

रोहिणखेडने पूर्वी फौजा पाहिल्या, त्याही याच उन्हावर चालणाऱ्या. १४३७ साली बहामनी आणि खानदेशचे सैन्य इथे भिडले, सोळाव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या गादीसाठी पुन्हा लढाई झाली. इतिहासात सरदारांची नावे आली, गवताचे नाव आले नाही. घोडदळ गवतावर चालते. दसऱ्याला सीमोल्लंघन व्हायचे ते मुहूर्त म्हणून खरेच, पण तेव्हाच गवत पिकलेले आणि धान्य हाती आलेले असे, म्हणूनही.

वाघही शेवटी गवतावरच चालतो. २०१९ च्या जूनमध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून एक तरुण नर निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याची वाट कळली. तेलंगणात डोकावत, कपाशीची शेते, नाले, रस्ते ओलांडत तो डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला. एकूण चाल सुमारे ३००० किलोमीटर भरली आणि लोकांनी त्याचे नाव ‘वॉकर’ ठेवले. वाघाला वर्षाकाठी सुमारे ५० मोठी खुरांची जनावरे लागतात, आणि ती खाऊनही कळप टिकायचा तर ५०० असावी लागतात, असे वाघांचे अभ्यासक उल्हास कारंत सांगतात. पाचशे रोही-डुकरांमागे किती गवत, किती ऊन? ज्ञानगंगा अवघी २०५ चौरस किलोमीटरची, आणि तिथे त्याला वाघीणही मिळाली नाही. २०२१ मध्ये तो पश्चिमेकडे, अजिंठ्याच्या रांगेतच, गौताळ्याच्या जंगलात दिसला. वाघ असा दूरवर हिंडतो, कारण तो उन्हाच्या शेवटच्या पायरीवर उभा असतो आणि तिथवर फार थोडे पोचते.

आणि आपण पहिल्याच पायरीला काडी लावतो. मोह वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला फूट चांगली यावी म्हणून डोंगर पेटतो, कपाशीची उलंगवाडी झाली की धुरे पेटतात. ज्या उन्हावर टेकोडे, कोतवाल, अस्वल आणि पुढच्या पिकाची माती जगली असती, ते तासाभरात धूर होऊन जाते. बोंडअळी लागलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या शेतात ठेवू नयेत, हे बरोबर. त्या यंत्राने बारीक करून कुजवता येतात. पण धुऱ्यावरचे वाळके गवत कुणाचे काही बिघडवत नाही, आणि मोहाखाली खराटा मारला किंवा जुने लुगडे अंथरले तरी फूल वेचता येते. शेतकरी दादांनो, यंदा रोहिण्या लागण्याआधी धुऱ्याला आणि डोंगराला काडी लावू नका, आणि शेजाऱ्यालाही लावू देऊ नका.