अर्ध्या वाट्याची माणसं

मागच्या महिन्यात अभ्यासवर्गात आपण 'एलियन' बघितला. रिडली स्कॉटचा, १९७९ चा. दिवे लागले आणि मी बोलायला उठलो. चांगला तासभर बोललो. गीगरनं जनावर कसं घडवलं, रिप्ली ही बाई असून शेवटपर्यंत कशी टिकते, गर्भाची भीती, आईपणाची भीती. सगळं बाहेरच्या समीक्षकांचं उष्टं. मी फक्त वाढून दिलं.

मागं बसलेली एक पोरगी उठली. म्हणाली, "दादा, त्या खालच्या दोघांच्या पैशाचं पुढं काय झालं?"

पोरं हसली. मीपण हसलो. पण उत्तर नव्हतं माझ्याकडं. सिनेमा चारदा बघितलेला, आणि हा सवाल एकदाही डोक्यात आला नाही. साला, लाज वाटली. म्हणून हे लिहितोय.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नॉस्ट्रोमो नावाचं यान दोन कोटी टन खनिज ओढत पृथ्वीकडं निघालंय. माणसं सात. वर कॅप्टन, अधिकारी, शास्त्रज्ञ. खाली यंत्रांच्या घामट अंधारात पार्कर आणि ब्रेट. पार्कर काळा, याफेट कोटोनं केलाय. ब्रेट गोरा, हॅरी डीन स्टँटन. झोपेतून उठून सगळे जेवायला बसतात तेव्हाच हे दोघं विषय काढतात, आमचा वाटा अर्धाच का? कॅप्टन म्हणतो, करारात आहे तेवढं मिळेल. मग कुठूनसा अनोळखी संदेश येतो. पार्कर म्हणतो, आपलं यान मालाचं, शोधाचं काम असेल तर जादा पैसे द्या. शास्त्रज्ञ अ‍ॅश शांतपणे कलम सांगतो. तपास केला नाही तर सगळाच वाटा बुडाला. झालं. गप उतरावं लागतं. ते जनावर तिथूनच येतं. पुढं कळतं की कंपनीला जनावरच पाहिजे होतं, माणसं गेली तरी चालतील असा हुकूमच होता.

आता समीक्षक काय म्हणाले बघा. १९७९ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या व्हिन्सेंट कॅन्बीला हा लहानसा, आपल्या जागी बरा सिनेमा वाटला. रॉजर ईबर्ट टीव्हीवर म्हणाला, भुताच्या वाड्याचीच गोष्ट, वाडा फक्त अवकाशात नेलाय. मग वारं फिरलं. २००२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत हा सिनेमा गेला. २००३ साली त्याच ईबर्टनं त्याला श्रेष्ठ सिनेमांच्या रांगेत बसवलं. ही साहसी वीर मंडळी नाहीत, कंपनीचे कामगार आहेत, हेही तेव्हा त्यानं नोंदवलं. सिनेमा तोच होता. बदलले बघणारे.

बदलवलं कुणी? १९८० साली 'सायन्स फिक्शन स्टडीज'मध्ये यावर परिसंवाद झाला. १९८६ साली बार्बरा क्रीडनं 'स्क्रीन'मध्ये लिहिलं की पडद्यावरचं भय बाईच्या शरीराभोवती कसं रचलेलं असतं. यातल्या बायांनी आपल्या जगण्यातून सवाल आणला, म्हणून त्यांना ते दिसलं. त्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्याकडनं शिकायचं ते हेच. मी मात्र त्यांचं उत्तर पाठ केलं आणि माझा सवाल घरी ठेवून आलो.

माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक लिखाणात पार्कर-ब्रेटची मागणी म्हणजे किरकिर. गंमतीचा भाग. खरं भय पुढं सुरू होणार, तोवर टाइमपास. अरे, भय तिथंच सुरू झालंय! मरण त्या जनावराच्या आधी करारातल्या कलमातून यानात शिरलंय.

माझा आजा मिलमध्ये होता, रिंग खात्यात. विणाई खात्यात पैसे जास्त. पण तिथं कांडी बदलताना धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आमच्या तोंडाचा धागा बाकीच्यांना चालत नव्हता. "आपुन थितं न्हाई जायाचं," एवढंच आजा बोलायचा. तक्रार नाही, जसं काही पाऊसपाण्याचं सांगतोय. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला होता. संप सगळ्यांचा, मग विणाई खातं सगळ्यांचं का नाही?

म्हणून नुसतं 'वर्ग' म्हणून भागत नाही. सिनेमात गोरा ब्रेट काळ्या पार्करच्या बाजूला उभा राहतो, त्याच्या प्रत्येक बोलण्याला मान डोलावतो. दोघांचा वाटा अर्धा, दोघांची मागणी एक. माझ्या आज्याच्या शेजारी असा ब्रेट नव्हता. त्याच्या मिलमध्ये खालच्या मजल्यालाही आणखी एक खालचा मजला होता.

आणि पार्कर नुसता पैशापुरता बोलत नाही. केनच्या तोंडाला ते जनावर चिकटतं तेव्हा तो विचारतो, याला गोठवून का ठेवत नाही? अगदी शहाण्यासारखं बोलतो. कोण ऐकतो? शेवटी लँबर्टला वाचवायला जातो. हातात आग फेकायचं यंत्र आहे, पण ती मधे उभी, म्हणून चालवत नाही. मरतो. यानातनं जिवंत सुटतात रिप्ली आणि एक मांजर. मांजरावर लोकांनी बरंच प्रेम केलंय.

अजून एक नाव सांगतो. बोलाजी बडेजो. लागोसचा नायजेरियन पोरगा, लंडनला शिकत होता. जवळपास सात फूट उंच, शिडशिडीत. एका पबमध्ये सिनेमावाल्यांच्या नजरेला पडला. जनावराच्या पोशाखात जास्तीत जास्त तोच होता. आत माणूस आहे हे प्रेक्षकाला कळू नये अशीच सगळी रचना. पुन्हा सिनेमात आला नाही. १९९२ साली वारला. सगळं जग ज्याला बघून किंचाळलं त्याचं तोंड जगानं बघितलं नाही.

दोस्तांनो, हा सिनेमा आपला आहे असं मी म्हणत नाही. काळ्या माणसाला त्यानंही शेवटी मारलंच. पण त्यानं यंत्रखोली दाखवली. ती न बघता वर आलो तो मी.

त्या पोरीला जाहीर उत्तर देतो. बाई, पैसे मिळाले नाहीत. दोघंही अर्ध्या वाट्यासकट मेले, आणि त्या हिशेबाबद्दल पुढं कुणी बोललंच नाही. पुढच्या वर्गात हाच सिनेमा परत लावू. मी बोलणार नाही. तू बोल. आणि बोललीस ते दोन पानं लिहून दे, पुढच्या अंकात छापू.

जयभीम.