उत्तर 39

भरमसाठ विद्युतभाराच्या कृष्णविवरावर गणित जमलं, म्हणून मी खूश होत नाही. भार प्रचंड असला की क्षितिजाचं क्षेत्रफळ भागिले चार हे बेकनस्टाइन-हॉकिंगचं एन्ट्रॉपीचं, म्हणजे आतल्या अवस्थांच्या संख्येच्या लॉगरिदमचं, सूत्र निमूट लागू पडतं. करणाऱ्याचा कस लागतच नाही. मनोरीत मी लहान भार घेऊन बसतो. मुंबई आणि मनोरीच्या मध्ये मार्वेची खाडी असल्यामुळे ‘पटकन एक विचारू का’ म्हणत कोणी दारात येत नाही. या कामाला ते मानवतं.

गारगोटीत वाढलेले, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) बरीच वर्षं काढलेले अतीश दाभोलकर, त्यांच्यासोबत जुआंव गोमेश आणि समीर मूर्ती. या तिघांचा 2011चा लेख मी पुन्हा पुन्हा उघडतो. गुरुत्वाला 28 गेज क्षेत्रं जोडलेली सुपरग्रॅव्हिटी आणि तिच्यातलं कृष्णविवर. सगळे भार मिळून एक पूर्णांक ठरतो, डेल्टा. डेल्टा 7 असेल तर क्षेत्रफळाच्या हिशेबाने आतल्या अवस्था सुमारे 4,072. स्ट्रिंग सिद्धांतातून थेट मोजल्या तर 39. शंभरपटीचा घोळ!

इथे हाताची जुनी सवय मोडावी लागते. एरवी आपण सीमेवर विभव धरून ठेवतो आणि भार हलू देतो. क्षितिजालगतच्या द्विमित अँटी-डी-सिटर अवकाशात मात्र गेज क्षेत्राचा भाराशी निगडित भागच सीमेकडे वाढत जातो. म्हणून भार पक्का करायचा, विभव मोकळा सोडायचा. अशोक सेन यांनी 2008मध्ये हे नेमकेपणाने मांडलं. भार पक्का म्हणून अवस्था मोजता येतात, आणि मोजणीचं उत्तर पूर्णांकच यायला हवं. यापेक्षा कडक परीक्षक मला माहीत नाही.

मग लोकलायझेशन. सुपरसिमेट्रीच्या जोरावर अनंत चलांचं संकलन मोजक्या चलांवर येतं, त्यातून बेसेल फलन निघतं, आणि डेल्टा 7ला उत्तर येतं 38.986. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कागद बाजूला ठेवून आधी चहा केला.

उरलेले 0.014 कुठून येतात, हे त्याच तिघांनी 2014मध्ये दाखवलं: संकलनात क्षितिजालगतच्या इतर भूमितीही मोजाव्या लागतात, आणि त्यांच्या वाट्याला संख्या सिद्धांतातल्या क्लूस्टरमन बेरजा येतात. डेल्टा 8ला पहिलं उत्तर 55.721, खरं 56. तिथली तूट वीसपट मोठी. सध्या तीच हाताने भरतो आहे.