धास्ती कोणाची?

सोमवारी सकाळी मुलाच्या पोटात दुखतं, रविवारी दुखत नाही. त्यावरून घरात निकाल लागतो: नाटक! पण पोट खरंच दुखत असतं. भीती वाटली की अंगाला धोक्याची वर्दी जाते, छाती धडधडते, पोटात मुरडा येतो. डॉक्टरांना एकदा दाखवावंच. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्यावं, कारण थकव्याची कारणं तिथेही सापडतात. मात्र रिपोर्ट नॉर्मल आला की ‘बघ, काहीही झालेलं नाही तुला’ म्हणून फाइल मिटवू नये. रक्तात दोष नाही, एवढंच कळलं.

*

वयाचे नखरे कोणते आणि आजार कोणता? दार लावून घेणं, उलट बोलणं, रात्री जागणं यात नवल नाही. वयात येताना झोपेची वेळच उशिरावर जाते. पाहायचं ते हे, की आवडीचं काय सुटलं. क्रिकेटचं किट माळ्यावर गेलं, तबल्याचा क्लास बंद झाला, जिवलग मैत्रिणीचा फोन उचलला जात नाही आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर दाखवायला हवं. या वयात उदासी डोळ्यांत पाणी घेऊन येतेच असं नाही. पुष्कळदा चिडचिड होऊन येते आणि उद्धटपणा समजून बोलणी खाते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चारएक.

*

पालकांच्या तोंडची वाक्यं:

‘काय कमी केलं आम्ही?’
‘आमच्या वेळी नव्हती ही असली थेरं.’
‘तो मोबाइल काढून घ्या, सगळं जाग्यावर येईल.’
‘बारावी होऊ दे, मग बघू.’
‘आजीला यातलं काही सांगू नकोस.’

मोबाइलचा प्रश्न खरा आहे, बारावीचाही. पण यातली बरीच वाक्यं मुलासाठी नसतातच. बोलणाऱ्याच्या पोटात गोळा आलेला असतो, तो जरा निवावा म्हणून ती बाहेर पडतात. मुलांना हे बरोबर कळतं. मग ती पुढच्या वेळी सांगत नाहीत. उलट आईबाबांनाच सांभाळत बसतात.

*

समोर बसवून ‘बोल, काय होतंय तुला?’ म्हटलं की मूल मिटतं. स्कूटरवर मागे बसवलं की बोलतं. एका आईने सांगितलं, क्लासहून परतताना लेक मागून म्हणाली, ‘आई, वर्गात शिरताना मला श्वासच पुरत नाही गं.’ आईने गाडी बाजूला घेतली नाही, आरशात पाहिलं नाही. ‘हं, मग?’ एवढंच म्हणाली आणि नेहमीचं वळण सोडून लांबच्या रस्त्याने घरी आली. भाजी निवडताना, पोळ्या लाटतानाही हे जमतं. हात गुंतलेले हवेत आणि नजर दुसरीकडे.

*

सल्ला देणारे पालक वेगळे, सोडवणारे वेगळे. सोडवणाऱ्यांची माया जास्त दिसते. मुलीला तोंडी परीक्षेची भीती, तर आई बाईंना फोन करून तिची सुटका करते. मुलगा लग्नाला यायला बिचकतो, तर बाबा त्याच्यासोबत घरी थांबतात. त्या दिवशी सगळ्यांना शांत झोप लागते. पुढच्या वेळी भीती दुप्पट होऊन येते, कारण ‘टाळलं म्हणून वाचलो’ हाच धडा मनाने घेतलेला असतो.

येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी यावरच ‘स्पेस’ नावाची उपचारपद्धती बसवली. तिच्यात मूल येत नाही, फक्त आईबाप येतात. मुलाच्या भीतीपायी आपण घरात काय काय बदलून घेतलं, ते एकेक कमी करायला शिकतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७ ते १४ वर्षांच्या मुलांना याचा गुण, मुलांनी स्वतः सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन बदलायला शिकवणारी थेरपी, घेतल्याइतकाच आला.

घरी म्हणायचं वाक्य साधं आहे: ‘तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय, आणि तू हे निभावशील याची मला खात्री आहे.’ पहिला अर्धा गाळला तर धाक होतो, दुसरा गाळला तर कीव.

*

नैराश्यात ‘मूड आला की जाईन’ म्हणून बसलं तर मूड येत नाही. आधी हालचाल, मूड मागून. पण ‘पाचला उठून पळायला जा’ नको. गच्चीवर दोघांनी मिळून कपडे वाळत घालणं, कोपऱ्यावरून दूध आणणं पुरे. आज नाही जमलं तर टोमणा नाही.

*

मरणाबद्दल विचारावं का? विचारावं, आणि सरळ: ‘जगणं नकोसं झालंय का? जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने नसलेलं खूळ डोक्यात शिरतं, हा समज संशोधनात टिकलेला नाही. उत्तर ‘हो’ आलं तर शपथा घालू नयेत, ‘आमचा विचार नाही केलास?’ म्हणू नये. एकटं सोडू नये. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा जिल्हा रुग्णालय गाठावं. घरातल्या गोळ्या, शेतावरचं फवारणीचं औषध कुलपात. ती घटका टळली की जीव वाचू शकतो: श्रीलंकेने जहाल कीटकनाशकांवर एकेक करून बंदी घातली, तसं तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास, मोफत, मराठीतही आहे. पालकांनीही तिथे फोन करावा.

*

‘गोळ्यांची सवय लागेल.’ नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या झोपेच्या गोळ्यांसारखी तलफ लावत नाहीत. गुण यायला काही आठवडे जातात. सुरुवातीच्या दिवसांत मुलावर जास्त लक्ष हवं, कारण काहींची अस्वस्थता आधी वाढते. आणि बरं वाटलं म्हणून मनानेच बंद करायच्या नाहीत. डॉक्टर हळूहळू कमी करतात.

*

बाबा मुलाला माझ्या क्लिनिकवर सोडायला येतात, गाडी लावायला जातात आणि खालीच थांबतात. निरोप पाठवला तर वर येतात, दाराजवळची खुर्ची धरतात. बोलायला लागले की समजतं, त्यांनाही महिनोन्‌महिने झोप नाही.

*

कोलंबिया विद्यापीठातल्या मर्ना वाइसमन यांच्या गटाने २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार नैराश्य असलेल्या आयांवर सुरू होते, नोंदी त्यांच्या मुलांच्याही ठेवल्या. ज्या आया तीन महिन्यांत बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांचे त्रासही कमी झाले. ज्यांना गुण आला नाही, त्यांच्या मुलांचे वाढले.

म्हणून मुलाचं सगळं विचारून झालं की विचारते, ‘आणि तुम्ही कशा आहात?’ ठरलेलं उत्तर येतं, ‘माझं जाऊ द्या हो.’ नाही जाऊ देत. मुलाच्या फाइलीशेजारी आईची, बाबांचीही फाइल उघडावी लागली, तर तो खर्च मुलाच्याच उपचारातला आहे.