डावा का उजवा

मोठी माय गेली तेव्हा तिला अंघोळ घालायला मी होते. लुगडं सारलं, तर बेंबीखाली बोटभर पांढरी रेघ. सुरकुत्यांत हरवलेली, पण हाताला लागली.

तिचं गाव वाशिम जिल्ह्यातल्या मानोऱ्याकडचं. आणीबाणीत नसबंदीवाल्यांच्या जीपचा धुरळा दिसला की बाप्ये तुरीत शिरायचे, असं ती हसत सांगायची. गुरुजींनाही 'केसा', म्हणजे नसबंदीला माणसं, आणून द्यायच्या होत्या. १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून राहिलं. तरी १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या. पुढं निवडणुकीत दिल्लीचं सरकार गेलं आणि बाप्ये तुरीतून बाहेर आले.

शिबिरं मात्र चालूच राहिली. आता तिथं बाया होत्या.

मोठ्या मायची पाळी त्यानंतर काही वर्षांनी आली. शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंजीवर ओळीनं निजवलेल्या बाया, आणि एक कागद. "डावा देऊ का उजवा, येवढंच म्या इचारलं," ती म्हणायची. "मले त कोनी काईच इचारलं नाई."

तिला चौथं मूल नकोच होतं. हेच मला छळतं. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, ते बाईला हो-नाही म्हणता यावं म्हणूनच. सरकारनं साधन तेवढं उचललं, बाईचं हो-नाही तिथंच राहिलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही देशात नसबंदीची शस्त्रक्रिया झालेल्या विवाहित बाया शंभरात ३८, पुरुषांची नसबंदी एकाचीही भरत नाही.

राज्यात आता बाईमागे सरासरी दोन मुलंही नाहीत. तरीही १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं झालं, तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. आमदाराला ही अट नाही, बरं का. तिसरं मूल कुणाच्या हट्टापायी झालं, हे उमेदवारीच्या अर्जात कुठं लिहायचं?

बायांनी पाणी ओतलं. मी तिचे हात पुसले, एकेक बोट. त्या दिवशी तिनं कोणता अंगठा दिला होता, ते मीही कधी विचारलं नव्हतं.