चूक ओली असताना

दसऱ्याला किंवा पाडव्याला व्यापारी घराच्या दारात नवी गाडी उभी राहते, तेव्हा पूर्वी गाडीच्या किमतीखेरीज विमा आणि नोंदणी एवढ्याच खर्चांचा विचार होत असे. अलीकडे त्यात सिरॅमिक कोटिंगची भर पडली आहे. रंगावर काचेसारखा थर चढेल, धूळ बसणार नाही, पाणी ठरणार नाही, असे विक्रेता सांगतो आणि घरातील तरुण मंडळींच्या आग्रहाखातर काही हजार रुपये मोजले जातात. हा थर म्हणजे नेमके काय, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. तो लावताना चूक झाली तर ती कशी दुरुस्त करायची, हा प्रश्न तर चूक डोळ्यांसमोर आल्याशिवाय सुचतच नाही.

अंबाजोगाईसारख्या गावात या थराला मागणी का आली, हे समजण्याजोगे आहे. बालाघाटच्या पठारावरील हे गाव. उन्हाळ्यात धूळ भरपूर, बोअरचे पाणी जड. धुतलेली गाडी उन्हात वाळली की पाण्यातील क्षार पांढरे ठिपके सोडून जातात. त्यात पाण्याचे दुर्भिक्ष. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ही आठवण या भागात अजून ताजी आहे. कमी पाण्यात स्वच्छ होणारी गाडी ही अशा मुलखात चैन वाटत नाही, सोय वाटते.

येथील मोंढ्यातील एका आडत दुकानदाराच्या धाकट्या मुलाने हे ओळखले. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन तो काही महिने पुण्यास राहिला, हे काम शिकला आणि गावाबाहेर परळी रस्त्यावर एक गाळा भाड्याने घेऊन बसला. तीन पिढ्यांच्या आडतीत वाढलेल्या वडिलांना हा व्यवसाय पटलेला नव्हता. पण त्यांनी विरोधही केला नाही. वैद्यकीय महाविद्यालयामुळे गावात डॉक्टरांची वस्ती मोठी. पहिली काही गिऱ्हाइके त्यांतूनच मिळाली.

कोटिंगचे काम दिसते तितके सोपे नाही. बाटलीतील द्रवात सिलिकायुक्त रसायन असते आणि ते विरघळवून ठेवणारा द्रावक असतो. द्रव पत्र्यावर पसरला की द्रावक उडून जातो, उरलेले रसायन हवेतील ओलाव्याशी संयोग पावून घट्ट होते आणि जेमतेम एक-दोन मायक्रॉन जाडीची पारदर्शक पापुद्री तयार होते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या थराच्या नाजूकपणाची कल्पना येते. द्रव पसरल्यावर थोड्याच वेळात त्यावर तेलकट इंद्रधनुषी छटा उमटते. तेवढ्यात मऊ मायक्रोफायबर कापडाने जादा द्रव पुसून सपाट करावा लागतो. घाई केली तर थर राहत नाही, उशीर केला तर जादा द्रव जागच्या जागी वाळतो आणि गडद, ढगाळ डाग उरतो. ही पुसण्याची वेळ तापमानावर अवलंबून असते. थंड जागी जे काम काही मिनिटे थांबते, ते मराठवाड्याच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, मिनिटभरही थांबत नाही.

त्या तरुणाचे नेमके येथेच चुकले. मे महिन्यात एका डॉक्टरांची काळी गाडी कामाला आली. दुपारी आलेल्या गाडीचे बॉनेट अजून कोमट होते. एका वेळी दोन फूट लांब-रुंद भाग घ्यावा, तेथे त्याने अर्धे बॉनेट घेतले. गाळ्यात ट्यूबलाइटचा पसरट उजेड. त्यात सगळे चकचकीत दिसले. संध्याकाळी गाडी गेली. तिसऱ्या दिवशी सकाळच्या तिरप्या उन्हात तीच गाडी बाजारात उभी दिसली, तेव्हा बॉनेटवर हाताच्या पंजाएवढे चार डाग आणि टपाच्या कडेला वाळलेला ओघळ त्याच्या डोळ्यांत भरला.

डॉक्टरांनी काहीही तक्रार केलेली नव्हती. रात्री त्याने वडिलांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, "त्यांना दिसलं का ते?"

"नाही बाबा. पण मला दिसलं."

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पट्टीत आकडा चुकला, तर शेतकरी गावी पोहोचायच्या आत निरोप धाडायचा, एवढं मला कळतं. तुझ्या धंद्यातलं तू बघ."

दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरांना फोन करून गाडी परत मागितली. दोन दिवस गाडीविना राहावे लागणार म्हणून डॉक्टर नाराज झाले, आणि ती नाराजी रास्तच होती.

हिशेब ठेवणाऱ्याला या दुरुस्तीचे तत्त्व ओळखीचे वाटेल. रोजमेळातील चूक त्याच दिवशी, बेरीज मारण्याआधी सापडली, तर एक रेघ ओढून सही केली की काम भागते. खतावणी झाल्यावर सापडली तर दुरुस्तीची वेगळी नोंद करावी लागते. तेरीज जुळेना म्हणून फरक उचंत खात्यात टाकला, तर तो शोधण्यात दिवस जातात. वर्ष बंद झाल्यावर सापडलेली चूक चालू वर्षाच्या नफ्यालाही हात लावते. चूक तीच असते. वय वाढते तशी तिची किंमत वाढते.

कोटिंगचेही असेच आहे. डाग पहिल्या काही मिनिटांत, फार तर तासाभरात दिसला, तर त्याच कोटिंगचे दोन थेंब त्या जागी लावायचे. ताज्या थेंबांतील द्रावक खालचा वाळू लागलेला थर मऊ करतो, आणि स्वच्छ कापडाने दोन्ही एकत्र पुसून सपाट करता येतात. बारा-पंधरा तास उलटले की हा उपाय सहसा लागू पडत नाही. मग अगदी सौम्य पॉलिशने तेवढी जागा हाताने घासावी लागते. काही दिवस गेले की थर घट्ट होतो आणि मशीन व फोमचे पॅड घेऊन तो उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. जाड ओघळ असेल तर तीन हजार नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा लागतो. पण तो अगदी अखेरचा उपाय. या प्रत्येक पायरीत नियम एकच, आधी सर्वांत सौम्य उपाय, तोही तळहाताएवढ्या जागेवर. तेथे डाग गेला तरच पुढे जायचे. नाही गेला तरच एक पायरी वर चढायचे.

हा सावधपणा का हवा, याचे कारण खालच्या रंगात आहे. गाडीच्या रंगावर कारखान्यातच पारदर्शक लाखेचा थर चढवलेला असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. सूर्याच्या अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षण तोच करतो. प्रत्येक वेळी पॉलिश करताना त्यातील थोडा भाग कायमचा जातो. कोटिंग हा वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा करता येण्याजोगा खर्च आहे. लाखेचा थर हे मूळ भांडवल आहे. खर्चातील चूक सुधारण्यासाठी भांडवलाला हात घालावाच लागला, तर तो मोजून घालावा. म्हणून जाणता कारागीर आधी जाडी मोजण्याचे यंत्र पत्र्यावर टेकवतो. हे यंत्र सर्व थरांची एकत्र जाडी दाखवते, आणि साधे यंत्र फक्त धातूवर चालते, प्लास्टिकच्या बंपरवर नाही, हेही त्याला ठाऊक असते. पत्र्याच्या कडा आणि उठावाच्या रेषा यांवर रंग पातळ असतो, म्हणून तेथे आधी चिकटपट्टी लावली जाते.

त्या तरुणाने हेच केले. हाताच्या पॉलिशने तीन दिवसांचा डाग हलला नाही. मशीनवर मऊ पॅड आणि बारीक पॉलिश घेतल्यावर बॉनेट स्वच्छ झाले. टपाच्या कडेचा ओघळ मात्र पेपरशिवाय निघाला नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पॉलिशचा तेलकट अंश पुसून, कारण तेलावर कोटिंग धरत नाही, त्याने पूर्ण बॉनेट आणि पूर्ण टप पुन्हा केले. मधेच एखाद्या ठिकाणी ठिगळ लावले तर त्याची कड दिसते. हे सारे पहाटे, पत्रा गार असताना झाले. डागाचा प्रत्येक कोपरा टॉर्चच्या तिरप्या उजेडात तपासला गेला. त्यात दीड दिवस, अर्धी बाटली आणि दुसऱ्या एका गाडीचे काम गेले. त्याने तो खर्च वहीत स्वतःच्या नावे लिहिला. डॉक्टरांकडून त्याने एक रुपयाही घेतला नाही.

सर्वच चुका अशा दिसणाऱ्या नसतात. कोटिंगपूर्वी रंगावरील बारीक गोलाकार ओरखडे काढले नाहीत, तर ते थराखाली कायमचे बंद होतात. वरून चमक असते, पाणी मोत्यासारखे ओघळते, आणि तरी काम चुकलेले असते. तेरीज जुळूनही हिशेब चुकीचा असावा, तसा हा प्रकार. याला वरून उपाय नाही. थर उतरवून मुळापासून काम करावे लागते. याउलट एखादी जागा लावायची राहून गेली, तर तेथे पाणी पसरते, थेंब धरत नाहीत. पृष्ठभाग स्वच्छ करून तेवढ्या जागी नवा हात दिला की भागते. कोटिंगनंतर पहिल्या दिवसभरात बोअरचे पाणी अंगावर पडून वाळले, तर पांढरे ठिपके बसतात. ते कोरड्या कापडाने घासू नयेत. पांढरे व्हिनेगर तितक्याच शुद्ध पाण्यात मिसळून, सावलीत, थोडा वेळच लावून धुऊन टाकावे. ठिपक्याने थर खाल्ला असेल तर मात्र पॉलिशचीच वाट धरावी लागते.

ज्या घरात अशी गाडी येणार आहे, त्यांनी पैसे देण्यापूर्वी काही गोष्टी अवश्य पाहाव्यात. गाडी संध्याकाळी ताब्यात घेऊ नये; सकाळच्या तिरप्या उन्हात, एकेका पत्र्याच्या बाजूला उभे राहून पाहावी. डाग दिसल्यास त्याच दिवशी सांगावे. 'नंतर बघू' म्हटल्याने काम अवघड होते. '९एच' हा आकडा ऐकून भारावून जाऊ नये. तो पेन्सिलने ओरखडा ओढून घेतलेल्या चाचणीचा आकडा आहे. रस्त्यावरचा खडा उडून लागला तर कोणतेही कोटिंग रंग वाचवत नाही. डाग घालवू म्हणणाऱ्याला जाडी मोजली का, हे विचारावे. उत्तर देताना तो अडखळला, तर गाडी त्याच्या हाती देऊ नये.

त्या गाळ्यात आता मे महिन्यात भर दुपारी काम होत नाही. आलेली गाडी आधी गार होईपर्यंत उभी राहते, आणि काम झाल्यावर एक रात्र तेथेच मुक्काम करते. त्यामुळे महिन्याकाठी दोन-तीन गाड्या कमी होतात. वडिलांनी एकदा त्याचा हिशेब मांडून पाहिला आणि वही मिटून म्हणाले, "एवढं सोडावं लागतं."