सल्याची गोष्ट कोण सांगणार?

मराठीत मुलगी 'वयात येते' आणि मुलाला 'मिसरूड फुटते'. आमच्या घरांमध्ये या दोन्हींच्या जोडीला तिसरा शब्द असतो, 'बालिग'. अरबीत त्याचा अर्थ पोहोचलेला. फिकहच्या हिशेबाने शरीर वयात आले की माणूस बालिग होतो. शरीराची खूण दिसली नाही, तर बहुतेक फकीह पंधरा वर्षे धरतात. तोवर नमाज-रोजा ही सवय असते, त्यानंतर ती फर्ज होते. तोवरच्या चुकांचा हिशेब मांडला जात नाही, त्यानंतरच्या चुका आपल्या नावावर चढतात. देशाचा कायदा मतदानाला अठरा वर्षे म्हणतो. पण त्याच्या कितीतरी आधी घरातली माणसे सांगू लागतात, "आता तू लहान नाहीस."

कोणत्याही चांगल्या कादंबरीला किंवा सिनेमाला पुरेल इतका ऐवज या एका वाक्यात आहे. मोठे होण्याच्या गोष्टी मला लहानपणापासून आवडत आल्या आहेत आणि मराठीत त्या चांगल्या लिहिल्या गेल्या आहेत. मिलिंद बोकील यांची 'शाळा' 2004 साली आली. आणीबाणीचा काळ, लहान गाव, नववीतला मुकुंद जोशी आणि त्याची शिरोडकर. सुजय डहाके यांनी पुढे त्यावर सिनेमा केला. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'मध्ये वडील गेलेला चिन्मय आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात येतो. नव्या शाळेत एकटा पडतो, मित्र मिळवतो, रुसतो, सावरतो. गोष्ट एवढीच. बर्लिनच्या महोत्सवात 2014 साली मुलांच्या ज्युरीने त्या सिनेमाला क्रिस्टल बेअर दिले.

'शाळा' वाचताना मुकुंद जोशी होणे मला जड गेले नाही. मुलींच्या रांगेकडे चोरून बघणे, मास्तरांची भीती, मित्रांच्या टोळीतले गुप्त शब्द, शिरोडकर गाव सोडून गेल्यावरचे रितेपण. यातले काहीच मला कुणी समजावून सांगावे लागले नाही. त्याच्या घरातला देव्हारा आणि सणवार माझ्या घरात नव्हते, तरी अडले नाही. वाचणारे मूल बिनतक्रार दुसऱ्याच्या घरात शिरते. पण मग उलटा प्रश्न पडतो. मुकुंद जोशीला कधी आमच्या घरात शिरायची संधी मिळाली का? एखाद्या सलीमचे किंवा नसीमाचे नववीचे वर्ष त्याला वाचायला मिळाले का?

मुसलमान मूल मुख्य भूमिकेत असलेले काही फार चांगले सिनेमे हिंदीत आहेत. सईद अख्तर मिर्झा यांचा 'नसीम' 1995 सालचा. मुंबईतली पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी, अंथरुणाला खिळलेले आजोबा आणि 1992 सालचे जून ते डिसेंबर हे महिने. आजोबांची भूमिका कैफी आझमींनी केली आहे. ते नातीला जुन्या आग्र्याच्या गोष्टी सांगतात आणि शेजारी टीव्हीवर अयोध्येच्या बातम्या चालू असतात. 6 डिसेंबरला आजोबा जातात. मिर्झांना या सिनेमासाठी दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच्या एक वर्ष आधी श्याम बेनेगल यांचा 'मम्मो' आला, खालिद मोहम्मद यांनी लिहिलेला. मुंबईत नानीबरोबर राहणारा रियाज, पाकिस्तानातून आलेली नानीची बहीण आणि तिच्या व्हिसाची मुदत. पोलीस तिला परत पाठवतात, तेव्हा फाळणी नावाची गोष्ट शाळेच्या पुस्तकातून उठून त्या मुलाच्या घरात येते.

दोन्ही सिनेमे मला प्रिय आहेत. तरी ते एकापाठोपाठ एक पाहिले की एक गोष्ट डोळ्यात भरते. मुकुंद जोशी मोठा होतो, कारण शिरोडकर निघून जाते. चिन्मय मोठा होतो, कारण वडील नसण्याची सवय करून घ्यावी लागते. नसीम मोठी होते, कारण 6 डिसेंबर उजाडतो. रियाज मोठा होतो, कारण 1947 अजून संपलेले नसते. आमच्या मुलांना मोठे व्हायला इतिहासातली तारीख लागते.

हे खोटे आहे असे मी म्हणत नाही. ज्यांनी त्या तारखा पाहिल्या, त्यांचे बालपण खरोखरच त्या दिवशी संपले. त्यांची गोष्ट सांगायलाच हवी आणि मिर्झा-बेनेगलांनी ती सांगितली याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण तारीख हीच आमच्या मोठे होण्याची एकमेव गोष्ट झाली, तर दोन नुकसाने होतात. बाहेरच्या वाचकाला वाटते की मुसलमान घरात दंगलीच्या आधी आणि नंतर काही घडतच नसावे. आणि आमच्या मुलाला वाटते की आपले आयुष्य जळाल्याशिवाय लिहिण्याजोगे होत नाही. मला दुसरे नुकसान जास्त मोठे वाटते.

मराठी सिनेमात मुसलमान मुलगा दिसतो, पण वेगळ्या जागी. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'मधला सल्या आठवा. सल्या म्हणजे सलीम शेख. करमाळ्याकडची बोली बोलणारा, विहिरीत उड्या मारणारा, क्रिकेट खेळणारा, पर्शाच्या प्रेमासाठी मार खाणारा. त्याच्या तोंडी धर्मावरचे भाषण नाही, टोपी-अत्तराची ओळखपत्रे नाहीत. गावात असे सल्ये असतातच, म्हणून सिनेमातही आहे. 2016 साली त्याला पडद्यावर बघून मला किती हायसे वाटले, हे सांगून कळणार नाही. पण पर्शा-आर्ची हैदराबादला जातात आणि सल्या मागे राहतो. त्याला कोण आवडत होते, घरी अब्बा काय बोलले, त्या मारानंतर तो त्याच गावात कसा जगला, हे सिनेमा सांगत नाही. ती त्याची गोष्ट नाही, म्हणून मंजुळेंना दोष देत नाही. इतकेच म्हणतो की साधा असेल तर आमचा मुलगा नायकाचा मित्र होतो, आणि नायक झाला तर साधा राहत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. ज्याच्या नावामुळे घर भाड्याने मिळत नाही, त्याने साध्या बालपणाची गोष्ट सांगणे म्हणजे डोळेझाक नाही का? याचे उत्तर मला मंजुळेंच्याच 'फँड्री'त सापडते. जब्याला काय हवे असते? शालूने आपल्याकडे बघावे, अंगात जीन्स असावी, काळी चिमणी हाती लागावी. कुठल्याही पोराला हवे असावे तेच. जात त्याच्या या हवेपणाच्या आड येते, म्हणून ती आपल्याला दिसते आणि सोसवत नाही. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते तेव्हा डुकरामागे धावणारे ते कुटुंब जागच्या जागी उभे राहते. तो प्रसंग इतका बोचतो, कारण तोवर आपण जब्याला एक हट्टी, लाजाळू, प्रेमात पडलेला मुलगा म्हणून ओळखू लागलेलो असतो. आधी मुलगा भेटतो, मग अन्याय. अन्याय आधी आणून मुलगा नंतर शोधला असता, तर तो फक्त पुरावा झाला असता.

हिंदीत आता काही दारे उघडली आहेत. 'सिक्रेट सुपरस्टार'मधली वडोद्याची इन्सिया गिटार घेऊन बापाच्या धाकाशी लढते. 'गली बॉय'मधला धारावीचा मुराद गरिबीशी, बापाशी आणि स्वतःच्या भिडस्तपणाशी लढतो. त्याची सफिना डॉक्टर व्हायला निघालेली आहे, आणि हिजाब घालून खुशाल मारामारीही करते. दोघांची नावे लपवलेली नाहीत, पण गोष्ट नावांवर अडून बसत नाही.

मराठीत मात्र ही जागा अजून बरीचशी रिकामी आहे. याचे कारण फक्त दुसऱ्यांकडे शोधून चालणार नाही. हमीद दलवाईंनी 'इंधन'मध्ये कोकणातले गाव निर्भयपणे मांडले. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यानंतर बरेच लोक लिहू लागले. पण आमच्यापुढे उत्तरे देण्याची घाई फार होती. तलाक, शिक्षण, संशय, देशप्रेमाचा दाखला. या गडबडीत आमच्या लिखाणातले मूल बहुतेक वेळा कुठल्या तरी मुद्द्याचे उदाहरण बनून येते. शिवाय लाज आहेच. चौदाव्या वर्षी मनात काय चालले होते हे लिहायचे, तर घरचे वाचतील, जमातीतले वाचतील. मुलींचे तर त्याहून अवघड. तिला ओढणी सावरायला सांगितले जाते, शाळा बंद होण्याची धास्ती असते, आणि मोठे होण्याच्या आधीच तिचे लग्न ठरलेले असते.

खरे तर सामान काय कमी आहे? फजरनंतर मक्तबमध्ये कायदा घेऊन बसायचे, तिथून पळत मराठी शाळेच्या प्रार्थनेला पोहोचायचे. घरी दखनी, शाळेत मराठी, मक्तबमध्ये अरबी. पहिला प्रेमभंग यातल्या कुठल्या भाषेत होतो? पहिल्या रोज्याला गळ्यात हार पडतो, पण दुपारी नळाखाली तोंड धुताना घोटभर पाणी गिळावे की नाही, हा झगडा कुणाला दिसत नाही. मोहरमला सवारी निघते तेव्हा अर्धे गाव तिच्या पाया पडते, आणि हे बरोबर की चूक यावर घरात अब्बा आणि चाचा भांडत असतात. ईदच्या दिवशी शिरखुर्म्याला आलेल्या मित्रांसमोर आपलेच घर कुणा परक्याचे असावे तसे निरखून पाहिले जाते.

आणि मशिदीतली सफ. लहान मुले मोठ्यांच्या मागे उभी राहतात. ढकलाढकली, दबके हसू, मग कुणा बुजुर्गाचे डोळे वटारणे. एखाद्या जुम्म्याला उशीर होतो, पुढच्या सफेत एक जागा मोकळी दिसते, मुलगा तिथे जाऊन उभा राहतो आणि कुणीच त्याला मागे पाठवत नाही. शेजारचा माणूस फक्त थोडा सरकून खांद्याला खांदा लावतो. त्या क्षणी मुलाला अभिमान वाटतो की मागे राहिलेल्या हसण्याची आठवण येते? दोन्ही होत असेल. त्या दिवशी वर्तमानपत्रात काहीही आलेले नसते.

ही गोष्ट कुणीतरी मराठीत नीट, सावकाश लिहायला हवी. मुलगी लिहील तर आणखी चांगले, कारण ती सफ तिला घराच्या खिडकीतून दिसली असेल आणि तिच्या गोष्टीत आम्हाला ठाऊक नसलेले बरेच काही असेल. तारखा यायच्या तेव्हा येतीलच, त्यांना आमंत्रण लागत नाही. पण त्या येतील तेव्हा वाचकाला सल्या आधीपासून ओळखीचा असावा. त्याला गणितात किती गुण पडले आणि कुणासाठी तो शाळेच्या फाटकाशी थांबत होता, हे माहीत असावे.