न दिसणारं नक्षीकाम

गेल्या वर्षी सहा महिने लीड्सला ऑनसाईट होतो. वीकांताला करायचं काय, हा सनातन प्रश्न. एका रविवारी बाहेर पाऊस आणि रॉयल आर्मरीज म्युझियमला प्रवेश फुकट. मराठी माणसाला एवढी कारणं पुरेत :)

तिथलं भारतातून गेलेलं हत्तीचं चिलखत सगळे बघतात. मीही फोटो काढला. मग भटकत शिकारीच्या दालनात शिरलो. खरं तर शिकारीचं मला काडीचं कौतुक नाही. लहानपणी कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये पेंढा भरलेली जनावरं बघून मी भोकाड पसरलं होतं, असं आई अजून सांगते. तरीही एका जोडनळी बंदुकीपुढे पाऊण तास उभा राहिलो.

लांबून बघितलं तर काहीच नाही. काळ्या नळ्या, अक्रोडाचा दस्ता, मधे राखाडी पोलाद. काचेला नाक लावल्यावर कळलं, की त्या राखाडी भागावर इंचभर जागा मोकळी नाहीये. मोहरीएवढी वेटोळी, त्यांत मधेच गुलाबाचे झुबके. आणि सगळ्या स्क्रूंच्या खाचा नळीच्या रेषेत, एकही तिरकी नाही! मी तर घरातला स्विचबोर्डसुद्धा सरळ बसवू शकत नाही.

रूमवर येऊन वाचत बसलो. पर्डी, बॉस, हॉलंड अँड हॉलंड ही लंडनची जुनी घराणी. पर्डी १८१४ची, हॉलंड १८३५ची. त्यांच्या बंदुकीची किंमत पुण्यातल्या बऱ्या फ्लॅटएवढी. आपल्या संस्थानिकांनी विलायतेहून सोन्यानं मढवलेल्याही मागवल्या, पण जाणकार मान डोलावतात ते या साध्या दिसणाऱ्यांपुढे.

गंमत म्हणजे यातली बरीचशी सजावट नुसती सजावट नाहीच. नळ्यांचा काळा रंग म्हणजे चक्क गंज! मुद्दाम गंज चढवायचा, पाण्यात उकळायचा की तो काळा होतो, ब्रशनं घासायचा, पुन्हा चढवायचा. असं कितीतरी वेळा. गंजानंच गंज थोपवायचा. दस्त्याला व्हार्निश नाही, जवसाचं तेल हातानं जिरवायचं. त्याला लालसर रंग येतो एका मुळीचा, आपल्या रतनजोतीच्याच कुळातली ती. ओरखडा आला तर पुन्हा तेल चोळा. गुळगुळीत पोलाद उन्हात चमकतं, बारीक नक्षी ती चमक मोडते.

पण माझा जीव अडकला तो भट्टीत. कोरीवकाम आधी करावं लागतं, कारण पोलाद कडक झालं की कोरणी चालत नाही. म्हणजे कित्येक आठवडे कोरलेला तुकडा हाडांच्या कोळशात पुरायचा, लालभडक तापवायचा आणि गार पाण्यात सोडायचा. आपले लोहार म्हणतात तसं पाणी द्यायचं. पृष्ठभाग कडक होतो, वर निळ्या-तपकिरी ढगांसारखे रंग उमटतात. आणि तुकडा वाकला तर? शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला रिलीज करण्यापेक्षा भयंकर! बरं, ते रंगही हाताळून हाताळून उडतात. उरतं ते चांदीसारखं पोलाद.

हे मला इतकं का लागलं, तर त्याच आठवड्यात माझं अप्रेझल झालं होतं. आठ महिने मी एकच काम केलं होतं, सिस्टीम पडली तरी एकही व्यवहार हरवू नये. एका रात्री सर्व्हर खरंच पडला आणि कुणाला पत्ताही लागला नाही. शेरा मिळाला, 'काम दिसत नाही.' रेटिंगही तसंच.

आधी वाटलं, मीही तसाच थोर कारागीर, जगाला कदर नाही वगैरे. मग लक्षात आलं, त्या कोरणाऱ्याचं नाव बंदुकीवर बहुतेक वेळा नसायचंच, नाव दुकानाचं. पण काम घेणारा भिंग लावून बघायचा. माझ्या साहेबाच्या हातात भिंग कुणी दिलं होतं? मी तर नाही.

सोमवारी त्या रात्रीचे लॉग घेऊन गेलो. अर्धा तास ओळ न ओळ दाखवली. रेटिंग बदललं नाही. पण शेवटी साहेब म्हणाले, "हे आधी का नाही दाखवलंस?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे.

असो. एवढी नजाकत शेवटी जीव घ्यायच्या हत्यारावर, हे मात्र मला अजून पचलेलं नाहीये.